मुक्तस्रोत सॉफ्टवेअर समुदाय

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर समुदाय : ज्या सॉफ्टवेअरचा मूळ आज्ञा-मजकूर, म्हणजेच सोर्स कोड, कोणासही वाचता, अभ्यासता, बदलता आणि मूळ किंवा बदललेल्या स्वरूपात इतरांना देता येतो, त्यास मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. असे सॉफ्टवेअर घडविणाऱ्या, तपासणाऱ्या, त्याचे भाषांतर करणाऱ्या, त्याविषयी माहिती लिहिणाऱ्या आणि त्याची दीर्घकाळ देखभाल करणाऱ्या व्यक्तींच्या समूहास मुक्तस्रोत समुदाय ही संज्ञा आहे. समुदायातील व्यक्ती बहुधा निरनिराळ्या देशांत राहतात व त्यांची एकमेकांशी प्रत्यक्ष भेट झालेली नसते. काही जण हे काम फावल्या वेळात, तर काही जण एखाद्या कंपनीच्या किंवा संशोधनसंस्थेच्या वेतनावर करतात. कामाचा मजकूर, त्यावरील चर्चा आणि घेतलेले निर्णय सर्वांना पाहता येतील अशा रीतीने नोंदलेले असणे, हे या समुदायांचे व्यवच्छेदक लक्षण होय.

मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे दोन स्वतंत्र शब्द असल्याने या विषयातील एक नेहमीचा घोटाळा टळतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बहुतेक वेळा विनामूल्य मिळते. परंतु विनामूल्य मिळणारे प्रत्येक सॉफ्टवेअर मुक्तस्रोत नसते. सोर्स कोड व तो बदलण्याचा हक्क न देता फुकट वाटलेली आज्ञावली मोफत असली, तरी मुक्त नव्हे. उलट, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची प्रत किंवा त्यासंबंधीची सेवा मोबदला घेऊन देण्यास परवान्याची हरकत नसते.

ऐतिहासिक आढावा : संगणकयुगाच्या आरंभीच्या काळात सॉफ्टवेअर हे यंत्राबरोबर येणारे साहित्य मानले जाई आणि विद्यापीठे व प्रयोगशाळा त्याची परस्परांत देवघेव करीत. १९७० नंतरच्या दशकात सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विक्रेय वस्तू बनली व सोर्स कोड गुप्त ठेवण्याची प्रथा रूढ झाली. या प्रथेस विरोध म्हणून अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लीनस टोरव्हॉल्ड्स यांनी लिनक्स हा प्रणालीचा गाभा जाहीर केला. ग्नूची साधने आणि लिनक्सचा गाभा यांच्या संयोगातून परिपूर्ण अशी मुक्त संगणकप्रणाली उपलब्ध झाली. डेबियन (१९९३), अपाची (१९९५), केडीई (१९९६) आणि ग्नोम (१९९७) हे प्रकल्प याच दशकातील होत.

१९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या न्याहाळकाचा सोर्स कोड खुला केला. त्याच वर्षी ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा प्रचारात आली व ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन झाली. स्टॉलमन यांचा भर वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर, तर नव्या संज्ञेच्या पुरस्कर्त्यांचा भर या कार्यपद्धतीच्या व्यावहारिक लाभांवर होता. हा मतभेद अद्याप टिकून आहे. तथापि दोन्ही पक्ष बहुतांशी त्याच परवान्यांना मान्यता देतात व प्रत्यक्ष कामात एकत्र असतात. २००५ मध्ये टोरव्हॉल्ड्स यांनी लिहिलेल्या गिट या साधनामुळे कोणी, केव्हा व कोणता बदल केला याची अचूक नोंद ठेवणे आणि दूरदूरच्या व्यक्तींचे बदल एकत्र करणे सुलभ झाले.

परवाने : समुदायाचा कायदेशीर पाया म्हणजे परवाना होय. प्रतिमुद्राधिकाराच्या कायद्यान्वये लेखकाच्या संमतीविना कोणाचाही मजकूर वापरता येत नाही. परवाना ही संमती आगाऊ व सर्वांना देतो. परवान्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. ग्नू जनरल पब्लिक लायसन्स (पहिली आवृत्ती १९८९, दुसरी १९९१, तिसरी २००७) या प्रकारच्या परवान्यात, बदललेली आज्ञावली दुसऱ्यास देताना तिचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. एमआयटी, बीएसडी आणि अपाची या परवान्यांत अशी सक्ती नसते. मूळ लेखकाचा उल्लेख राखणे आदी मोजक्या अटी पाळल्या म्हणजे पुरते. टंकांसाठी एसआयएल ओपन फाँट लायसन्स हा वेगळा परवाना प्रचलित आहे. नव्याने सहभागी होणाऱ्याने प्रकल्पाचा परवाना प्रथम वाचणे आवश्यक असते, कारण त्याने दिलेले कामही त्याच परवान्याखाली कायमचे खुले होते.

अंतर्गत रचना : समुदाय मुक्त असला, तरी तो अनियंत्रित नसतो. सोर्स कोड कोणासही वाचता येतो व त्याची स्वतंत्र प्रत काढून बदलता येते. परंतु प्रकल्पाच्या मुख्य प्रतीत बदल समाविष्ट करण्याचा अधिकार थोड्या विश्वासू व्यक्तींकडेच असतो. त्यांना परिरक्षक म्हणता येईल. लिनक्समध्ये विभागवार परिरक्षक असून त्यांनी तपासलेले बदल अखेरीस टोरव्हॉल्ड्स यांच्याकडे जातात. डेबियनने १९९८ मध्ये स्वतःची घटना स्वीकारली असून त्याच्या प्रमुखाची निवड दरवर्षी सदस्यांच्या मतदानाने होते. पायथन या भाषेचे जनक खीडो व्हान रॉसम हे २०१८ मध्ये अंतिम निर्णयाच्या अधिकारावरून दूर झाले. २०१९ पासून निवडून आलेले पाच जणांचे मंडळ ते काम पाहते. परिरक्षकांचे निर्णय मान्य नसल्यास प्रकल्पाची प्रत घेऊन वेगळी वाट धरण्याची मुभा प्रत्येकास असते. ओपनऑफिसमधून २०१० मध्ये लिब्रेऑफिस वेगळे झाले, ते याच मार्गाने. ही मुभा क्वचितच वापरली जाते. परंतु ती असल्यामुळे परिरक्षकांना मनमानी करणे कठीण जाते.

सहभागाचे स्वरूप : समुदायात येण्यासाठी आज्ञावली लिहिता आलीच पाहिजे, हा समज बरोबर नाही. सहभागाची पहिली पायरी सामान्यतः वापर ही असते. सॉफ्टवेअर वापरताना आढळलेला दोष नीट नोंदविणे हे स्वतःच एक मोलाचे काम आहे. ‘चालत नाही’ एवढ्याच तक्रारीचा उपयोग होत नाही. कोणती आवृत्ती होती, कोणत्या क्रमाने कोणत्या कृती केल्या, काय घडणे अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय घडले, या चार गोष्टी लिहिल्या म्हणजे हजारो किलोमीटर दूर असलेल्या व्यक्तीस तोच दोष आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहता येतो. जो दोष असा पुन्हा दाखविता येतो, तो सुधारण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

याखेरीज वापराविषयीची माहिती लिहिणे, पडद्यावरील शब्दांचे भाषांतर करणे, नवी आवृत्ती जाहीर होण्यापूर्वी तपासून पाहणे, नवख्यांच्या शंकांना उत्तरे देणे आणि चिन्हे व मांडणी यांची आखणी करणे ही कामेही समुदायात येतात. सोर्स कोडमधील बदल, ज्याला पॅच म्हणतात, तो सुचविताना तो लहान व एकाच हेतूचा असावा, असा संकेत आहे. लहान बदल तपासण्यास सोपा असतो आणि तपासणाऱ्याचा वेळ हीच समुदायातील सर्वांत दुर्मिळ वस्तू असते. पहिला पॅच परत येणे, त्यावर आक्षेप नोंदले जाणे व तो दोन-तीन वेळा सुधारावा लागणे हे नेहमीचेच आहे. हा अपमान नसून कारागिरांच्या कोणत्याही परंपरेत होणारी कामाची पारख आहे. उत्तर येण्यास काही दिवस किंवा आठवडेही लागू शकतात.

विचारण्यापूर्वी त्याच प्रश्नावर पूर्वी झालेली चर्चा पाहणे, खाजगी पत्राऐवजी सर्वांसमोर विचारणे आणि मिळालेल्या उत्तराचा परिणाम कळविणे, हे समुदायांतील शिष्टाचाराचे सर्वमान्य भाग आहेत. सर्वांसमोर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुढे येणाऱ्या प्रत्येकास उपयोगी पडते. अनेक प्रकल्पांनी लेखी आचारसंहिता स्वीकारल्या आहेत. नवागतांना मार्गदर्शकासह काम देणाऱ्या योजनांत गूगल समर ऑफ कोड (२००५ पासून) ही प्रसिद्ध आहे. तंत्रक्षेत्रात ज्यांचे प्रतिनिधित्व कमी आहे अशा व्यक्तींसाठी आउटरीची ही योजना चालते.

महाराष्ट्रातील कार्य : भारतीय भाषांत लिनक्स आणण्याच्या प्रारंभीच्या प्रयत्नांत मुंबईचा वाटा मोठा आहे. इंडलिनक्स हा स्वयंसेवी प्रकल्प २००० च्या सुमारास सुरू झाला. जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत, जी पुढे सी-डॅकचा भाग बनली, सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी यांनी भारतीय लिप्यांच्या युनिकोड टंकांवर मूलभूत काम केले. पुण्यात व मुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांचे गट नियमितपणे एकत्र येत आणि नवख्यांच्या संगणकांवर प्रणाली बसवून देत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा समुदायाशी पहिला परिचय बहुधा अशा बैठकांतून होई. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीकडून आलेले लोहित हे टंक रेड हॅटने मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले व २०११ मध्ये त्यांस ओपन फाँट लायसन्स लागू झाले. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त व बलू हे टंकही याच परवान्याखाली उपलब्ध आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील फॉसी या प्रकल्पात विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करून सर्वांसाठी खुली करतात; तेथीलच स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पातील छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही ऐकता येतात. पुण्यातील एल्‌थ्रीक्यूब या गटाने अलीकडे मराठीचे मजकूरसंच व भाषाप्रतिमाने खुली केली आहेत. भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा सॉफ्टवेअर नसला, तरी मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारा व त्याच तत्त्वांवर उभा असलेला समुदाय आहे.

मराठी भाषेच्या दृष्टीने सहभागाचे महत्त्व किती आहे, हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतही तसाच अर्थभेद आहे. हा भेद लेखनात दाखविणारे ‘र’चे आडवे रूप हिंदीत लागत नाही. त्यामुळे केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून तयार केलेल्या टंकात ते चुकीचे उमटले, तर परभाषी तंत्रज्ञास ती चूक दिसतही नाही. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत, मिळाले. ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी असून राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप निश्चित केले. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, अँड्रॉइड अशा अनेक ठिकाणी अक्षरजुळणीचे काम हार्फबझ ही एकच मुक्त आज्ञावली करते. तिच्यातील एक दोष दूर झाला, तर तो या सर्व ठिकाणी दूर होतो. मात्र तो दोष आहे हे मराठी वाचणाऱ्यानेच सांगावे लागते.

भाषांतरातील मुख्य प्रश्न शब्दांच्या एकवाक्यतेचा आहे. ‘फाइल’ हा रूढ शब्द ठेवावा की ‘धारिका’ किंवा ‘संचिका’ म्हणावे, ‘साठवा’ लिहावे की ‘जतन करा’, याविषयी मतभेद असतात. एकाच पडद्यावर तिन्ही आले, तर वापरणारा इंग्रजीकडे वळतो. नेहमी येणाऱ्या शब्दांच्या सर्वसंमत याद्या करण्यासाठी फ्यूएल हा प्रकल्प २००८ च्या सुमारास पुण्यातून सुरू झाला. भाषांतर एकदाच करून भागत नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीत नवे शब्द येतात. भाषांतर ठरावीक प्रमाणाहून अपुरे राहिल्यास काही प्रकल्प ती भाषा नव्या आवृत्तीतून वगळतात. एक-दोन व्यक्तींच्या परिश्रमाने उभे राहिलेले मराठीकरण त्या व्यक्ती थांबताच मागे पडते.

ग्रामीण भागातील सहभाग : संगणकशास्त्राचे शिक्षण नसलेल्या व्यक्तीस स्थानिक ज्ञानाच्या बळावर सहभागी होता येईल असे क्षेत्र म्हणजे मुक्त नकाशा होय. ओपनस्ट्रीटमॅप हा प्रकल्प २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरीचे उदाहरण येथे उद्‌बोधक ठरते. येथे गोदावरीची उपनदी पूर्णा हिच्यावर मातीचे मोठे धरण असून त्याच्या पायथ्याशी २२·५ मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत् केंद्र आहे. धरणातून सोडलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात येते व तेथून कालव्यांना मिळते. उपग्रहचित्रावरून जलाशयाची कड जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील व्यक्तीस रेखाटता येते. परंतु मे महिन्यातील चित्र व ऑक्टोबरमधील चित्र यांत ही कड फार वेगळी दिसते. पूर्ण भरल्यावर पाणी कोठवर येते, कोणता रस्ता पावसाळ्यात बंद होतो, कोणती वाट केवळ बैलगाडीची आहे, पुनर्वसित गावाचे आजचे नाव काय, हे चित्रात नसते. नावांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. रोमन लिपीत ‘द’ व ‘ड’ यांना एकच अक्षर असते आणि स्वरांचे ऱ्हस्व-दीर्घत्वही दिसत नाही. त्यामुळे रोमन नावावरून यंत्राने देवनागरी रूप तयार केले, तर येलदरीचे ‘येल्दारी’ किंवा ‘येलडरी’ होऊ शकते. अचूक नाव तेथील रहिवासीच सांगू शकतो. अशी नोंद करताना व्यापारी नकाशांवरून नावे उतरवून घेणे परवान्यानुसार निषिद्ध असून प्रत्यक्ष पाहिलेली किंवा मुक्त साधनांतून मिळालेली माहितीच द्यावी लागते. या नकाशावरील माहिती क्यूजीआयएस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये घेऊन पाणलोट, कालवे व शेतजमिनी यांचा अभ्यास करता येतो.

ग्रामीण भागात अडचणीही आहेत. चर्चा बहुधा इंग्रजीत होते. वीजपुरवठा व इंटरनेट यांत खंड पडतो. अनेकांपाशी संगणक नसून केवळ मोबाइल असतो. यांपैकी भाषेची अडचण वाटते तेवढी दुस्तर नाही. समुदायात साध्या, लहान वाक्यांचे इंग्रजी चालते व व्याकरणाच्या चुकांकडे सहसा दुर्लक्ष केले जाते. शिवाय बदल आपल्या यंत्रावर तयार करून जोडणी मिळेल तेव्हा पाठविता येतो, त्यामुळे अखंड इंटरनेटची गरज नसते. नकाशातील नोंदी आणि ध्वनिमुद्रणाची देणगी, उदा., मोझिलाचा कॉमन व्हॉइस हा प्रकल्प, यांसाठी मोबाइल पुरतो.

देखभालीचा प्रश्न : मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची तुलना सामायिक साधनसंपत्तीशी केली जाते. खानदेशातील पांझरा, मोसम इ. नद्यांच्या खोऱ्यांतील फड पद्धती हे अशा संपत्तीचे जुने उदाहरण आहे. तेथे बंधाऱ्याचे पाणी सर्वांचे असून कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे ते शेतकरी मिळून ठरवितात, पाटकरी पाणी देतो, जागल्या राखण करतो व पाटांची साफसफाई सर्वांनी करावयाची असते. अशा व्यवस्था सरकार किंवा बाजार यांच्याविनाही दीर्घकाळ टिकू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी दाखविले. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सॉफ्टवेअर व पाणी यांत मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. पाणी वापराने संपते. सॉफ्टवेअर कितीही जणांनी वापरले तरी कमी होत नाही. संपतो तो पाटकऱ्याचा, म्हणजे परिरक्षकाचा वेळ आणि उत्साह. म्हणून येथील धोका अतिवापराचा नसून पाट कोणीच साफ न करण्याचा आहे.

हा धोका काल्पनिक नाही. इंटरनेटवरील गुप्त व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या आज्ञावलीत २०१४ मध्ये हार्टब्लीड हा गंभीर दोष उघड झाला, तेव्हा जगातील असंख्य संस्था ज्यावर विसंबून होत्या त्या प्रकल्पाचा भार मूठभर व्यक्तींवर असल्याचे दिसून आले. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या माहिती आवळून साठविणाऱ्या आज्ञावलीत हेतुपुरस्सर पेरलेली चोरवाट सापडली. दोनहून अधिक वर्षे उपयुक्त काम करून विश्वास संपादन केलेल्या एका टोपणनावाने ती पेरली होती. त्यापूर्वी, एकट्याने काम करून थकलेल्या परिरक्षकावर दुसऱ्यास अधिकार देण्यासाठी जाहीर दडपण आणले गेले होते. ही चोरवाट आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास सापडली, ती दुसऱ्या संगणकाशी होणारी जोडणी सुमारे अर्धा सेकंद उशिरा होत असल्याचे कारण शोधताना. सोर्स कोड व त्यातील बदलांचा इतिहास खुला असल्यामुळेच त्यास मुळापर्यंत जाता आले. मुक्तता स्वतः सुरक्षितता देत नाही. ती केवळ तपासणीची संधी देते, आणि ती संधी घेणारी माणसे असावी लागतात, हा या घटनेचा निष्कर्ष होय.

वरील विवेचनावरून मुक्तस्रोत समुदायातील सहभाग हा परोपकार किंवा नोकरीची पूर्वतयारी एवढाच नाही, हे लक्षात येईल. विद्यार्थ्यास त्यातून अनुभवी व्यक्तींच्या देखरेखीखाली शिकण्याची संधी मिळते व त्याचे काम सर्वांना पाहता येईल अशा रूपात नोंदले जाते. भाषिक समाजाच्या दृष्टीने त्याचे मोल याहून अधिक आहे. पुढील पिढ्या ज्या साधनांतून लिहितील, वाचतील व शोधतील, त्यांत आपली अक्षरे, आपले शब्द व आपली गावे शुद्ध रूपात असावीत की नाहीत, हे आज त्या साधनांत कोण भाग घेतो यावर अवलंबून आहे. मराठीतील हे काम प्रारंभापासून थोड्या व्यक्तींनी केले आहे. त्यात थोड्या थोड्या वेळाचे, परंतु अनेकांचे आणि अखंड साहाय्य मिळणे, ही त्याच्या स्थैर्याची प्रमुख अट आहे.